इंदूरमध्ये दिव्यांग पेन्शन काढायची आहे? आधी काय, नंतर काय

धाकट्या दिराचं (बौद्धिक दिव्यांगत्व) सगळं काम मी केलं. पुढे मधुमेहापायी आत्याबाईंचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा त्यांचंही. तेव्हापासून लोकमान्य नगर ते सुदामा नगर, ओळखीतल्या कुणालाही हे काम निघालं की फोन मला येतो, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "पेन्शनचा फॉर्म कुठे मिळतो?"

फॉर्म सगळ्यात शेवटी येतो. आधार, समग्र (मध्य प्रदेशातली कुटुंबाची सरकारी नोंद), यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र), बँक आणि मग पेन्शन, असा क्रम आहे. या पाचही ठिकाणी नाव, जन्मतारीख आणि पत्ता अक्षरशः एकसारखा असेल तर काम सरळ होतं. एका जागी जरी फरक असला तरी पेन्शनच्या खिडकीवरून तुम्हाला परत पहिल्या पायरीवर धाडतात. म्हणून आधी खालपासून वर या.

आधी ही फाइल तयार करा

एक प्लॅस्टिकची फाइल घ्या आणि त्यात मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला ठेवा:

- आधार कार्ड, मोबाइल नंबर जोडलेलं (तो नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो)
- समग्र आयडी: कुटुंबाचा ८ अंकी आणि व्यक्तीचा ९ अंकी, दोन्ही
- पत्त्याचा पुरावा
- जन्मतारखेचा पुरावा: जन्मदाखला किंवा शाळेची मार्कशीट
- पासपोर्ट आकाराचे फोटो, निदान सहा
- आजवरचे उपचाराचे कागद: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑडिओमेट्री, आयक्यूचा रिपोर्ट, जे असेल ते
- बँक पासबुकचं पहिलं पान
- बीपीएल असाल तर त्याचा कागद
- जुनं कागदी दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते. फेकू तर मुळीच नका.

मूळ प्रत कुणाच्याही हातात ठेवून यायचं नाही. "बाई, उद्या घेऊन जा" म्हणाले तरी नाही.

१. आधार आणि समग्र जुळवा

महाराष्ट्रातून नुकतेच आलेल्यांना समग्र हा शब्दच नवा असतो. मध्य प्रदेशात जवळपास प्रत्येक सरकारी योजनेचं दार समग्र आयडीनेच उघडतं. इथे राहायला आलात की कुटुंबाची नोंद आधी करून घ्या. शहरात हे काम नगर निगमच्या तुमच्या झोन कार्यालयाकडून होतं, अर्ज समग्र पोर्टलवरून किंवा कियोस्कवरून (ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानातून) टाकता येतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव बऱ्याचदा माहेरच्या समग्रमध्येच असतं. ते इकडच्या कुटुंबात आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर समग्रची ई-केवायसी. यात आधारवरचं नाव, जन्मतारीख समग्रमध्ये येते, म्हणजे आधारच चुकीचं असेल तर चूक सगळीकडे पसरते. आधी आधार तपासा. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, तेव्हा दुरुस्ती करताना घाई नको.

आपल्या मराठी घरांत इथे एक हमखास गोंधळ होतो. आधार महाराष्ट्रातलं असेल तर त्यावर "नाव, वडिलांचं नाव, आडनाव" असं तिन्ही. इथल्या कियोस्कवाल्याने समग्रमध्ये नाव आणि आडनाव एवढंच टाकलेलं. शिवाय "काळे"चं "काले" आणि "गोळे"चं "गोले" झालेलं असतं, कारण टाइप करणाऱ्याला ळ ची सवय नाही. देवनागरीतल्या या फरकाने फारसं अडत नाही, पण इंग्रजी स्पेलिंग जुळलंच पाहिजे. एका ठिकाणी शेवटी एक अक्षर जास्त, दुसरीकडे नाही, एवढ्यानेही सिस्टिम नावं वेगळी धरते. कियोस्कवर स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा, एकेक अक्षर वाचा आणि मगच "सबमिट करा" म्हणा. मागे रांग लागली असेल तर लागू दे.

बोटांचे ठसे उमटत नाहीत ही दुसरी अडचण. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांची बोटं यंत्रावर सपाट टेकत नाहीत, म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजलेल्या असतात. आत्याबाईंच्या वेळी ऑपरेटरने बोटं ओल्या फडक्याने पुसायला सांगितली, मग जरा चोळायला सांगितली, तरी यंत्रावर लाल दिवाच. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने पडताळणी करायला सांगा. मुलांचं बायोमेट्रिक वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. ते राहून गेलं असेल तरीही ठसे जुळत नाहीत.

२. यूडीआयडीचा अर्ज

यूडीआयडी म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र याच पोर्टलवरून ऑनलाइन देणं बंधनकारक झालं, त्यामुळे हाताने लिहिलेल्या प्रमाणपत्रावर आता कुठे काम होत नाही. अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. तो फुकट आहे. कियोस्कवाला त्याच्या कामाचे पैसे घेतो ते वेगळे.

फॉर्म भरताना या गोष्टींकडे लक्ष द्या:

- दिव्यांगत्वाचा प्रकार नीट निवडा. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, पार्किन्सन, अॅसिड हल्ल्यातले पीडित, लर्निंग डिसॅबिलिटी हे सगळे त्यात आहेत. "आमच्याकडे तसं दिव्यांग कुणी नाही" म्हणणाऱ्या किती घरांत प्रत्यक्षात पात्र माणूस असतो.
- दोन त्रास असतील तर दोन्ही लिहा. का, ते पुढे सांगते.
- रुग्णालय निवडताना जिल्हा आधारवरच्या पत्त्याप्रमाणेच. पत्ता नाशिकचा आणि रुग्णालय इंदूरचं, असा अर्ज लटकतो.
- शेवटी मिळालेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवा, पावती छापून घ्या. अर्ज कुठे पोहोचला हे त्या क्रमांकावरूनच कळतं.

जुनं कागदी प्रमाणपत्र असलेल्यांनी नवा अर्ज करताना "प्रमाणपत्र आहे" असं सांगून ते अपलोड करायचं. नाशिक, पुणे, कुठल्याही ठिकाणी यूडीआयडी आधीच निघालं असेल तर ते इथेही चालतं, फक्त पत्ता बदलून घ्या. पुन्हा मेडिकल बोर्डासमोर बसायची गरज नाही.

३. मेडिकल बोर्ड

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते इथे, आणि तयारी सगळ्यात कमी इथेच असते.

प्रमाणपत्र जिल्ह्याचं वैद्यकीय प्राधिकरण देतं. कोणत्या वारी कोणते तज्ज्ञ बसतात हे बदलत राहतं. हाडांचे डॉक्टर एका दिवशी, कान-नाक-घशाचे दुसऱ्या. आदल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात विचारून मगच माणसाला घेऊन निघा. व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन धार रोडवरच्या त्या रुग्णालयापर्यंत जायचं आणि "आज डोळ्यांचं आहे" ऐकून परतायचं, हे टाळता येतं.

तपासण्या आधीच करून ठेवल्यात तर एक फेरी वाचते. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी आयक्यू आणि सामाजिक वर्तनाची चाचणी लागते. त्यासाठी बोर्ड बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात किंवा एमवायला (महाराजा यशवंतराव रुग्णालयात) पाठवू शकतं. ऐकण्याच्या त्रासासाठी ऑडिओमेट्री, लहान मुलांसाठी बेरा (मेंदूच्या प्रतिसादावरून ऐकणं तपासणारी चाचणी). नजरेसाठी चष्मा लावून किती दिसतं ते मोजतात, चष्म्याशिवाय नाही. तेव्हा चष्मा घरी विसरू नका, आणि मुद्दाम तर मुळीच विसरू नका. डॉक्टरांनी हे खेळ रोज पाहिलेले असतात.

आत गेल्यावर माणसाला स्वतः बोलू द्या. आपण घरचे लोक काळजीपोटी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपणच देतो. दिराला डॉक्टरांनी विचारलं, "नाम क्या है?" मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्याने नाव सांगितलं, मग दहाची नोट दाखवून ही किती रुपयांची, असं विचारल्यावर तो नोटेवरच्या गांधीजींकडे बघून हसला. त्यांना हेच बघायचं असतं. घरी काय जमतं आणि काय जमत नाही (बटणं लावणं, एकट्याने रस्ता ओलांडणं, सुटे पैसे मोजणं) हे एका कागदावर लिहून न्या आणि विचारलं तर द्या.

टक्केवारी कशी ठरते, हे थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कायद्याच्या लाभांसाठी निदान ४० टक्के लागतात. बौद्धिक दिव्यांगत्वात सौम्य असेल तर ५०, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १०० टक्के असं धरतात. दोन वेगवेगळी दिव्यांगत्वं असली तर टक्क्यांची नुसती बेरीज होत नाही. त्याचं सूत्र आहे: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. समजा पायाचे ३० आणि कानाचे ३० टक्के. ३० गुणिले ६० भागिले ९० म्हणजे २०, एकूण ५०. एकेकटं कुठलंच ४० ला पोहोचत नाही, दोन्ही मिळून पोहोचतं. म्हणूनच फॉर्ममध्ये दोन्ही लिहा म्हटलं.

प्रमाणपत्र हाती आलं, किंवा मोबाइलवर डाउनलोड झालं, की तीन ओळी वाचा: टक्के किती, प्रकार कोणता, आणि कायम की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत असते. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. मुदत संपली की पेन्शनही अडकते आणि आधी कुणी कळवत नाही.

कार्डाचा रंगही टक्क्यांवरून ठरतो: ४० पेक्षा कमी पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. पांढऱ्या कार्डावर पेन्शन मिळत नाही. टक्के चुकीचे दिलेत असं वाटत असेल तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपील लेखी करा, रिपोर्ट जोडा. "पैसे द्या, टक्के वाढवून देतो" म्हणणारे आवारात भेटतात. त्यांच्याशी बोलूही नका. खोट्या प्रमाणपत्रावर या कायद्यातच शिक्षेची तरतूद आहे, आणि ती तुमच्या माणसाच्या नावावर येते.

४. बँक खातं

पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. इथली खोच अशी की आधार अनेक खात्यांना जोडलेलं असलं तरी सरकारी अनुदान एकाच खात्यात जमा होतं, शेवटी ज्या बँकेने नोंद केली तिथे. मोबाइलचं सिम घेताना किंवा दुकानात बसल्या बसल्या एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं आणि पेन्शन गुपचूप तिथे जात राहते. घरचे मात्र महिनोन्‌महिने सरकारी बँकेचं पासबुक छापून बघतात. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग" पाहिलं की कोणत्या बँकेला जोडलंय ते कळतं. हवी ती बँक नसेल तर आपल्या शाखेत लेखी अर्ज देऊन बदलून घ्या.

खातं दिव्यांग व्यक्तीच्या नावाचं हवं. अल्पवयीन असेल तर पालकासह संयुक्त. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, "सही येत नाही म्हणून खातं नाही" हे कारण ऐकून घेऊ नका.

५. पेन्शनचा अर्ज

आता फॉर्म. पेन्शन एक नाही, वेगवेगळ्या आहेत, आणि बहुतेक घोळ चुकीची निवडल्याने होतो.

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन ही केंद्राची. वय १८ ते ७९, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त, आणि कुटुंब बीपीएल. केंद्र ३०० देतं, राज्य त्यात भर घालून ६०० करतं.

राज्याच्या सामाजिक सुरक्षा पेन्शनमध्ये दिव्यांगांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. ८० ला न पोहोचणारे बहुतेक लोक इथे बसतात. शाळेत जाणाऱ्या ६ ते १८ वयाच्या मुलांसाठी शिक्षण प्रोत्साहन राशी वेगळी. आणि बौद्धिक किंवा बहुदिव्यांगांसाठी, वय ६ च्या पुढे, स्वतंत्र सहायता अनुदान आहे. हे लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं आणि खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. नाव घेऊन विचारा.

राज्याच्या या रकमाही दरमहा ६०० रुपयेच. एका वेळी एकच पेन्शन घेता येते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान चालू असेल तर आधी ते तिथे बंद करा. दोन्ही राज्यांत एकच आधार लागतो, ते कधी ना कधी उघडं पडतं आणि मग वसुली निघते.

"बीपीएल नाही, मग आम्हाला काय मिळणार" म्हणून घरी बसू नका. राज्याच्या पेन्शन पोर्टलवर समग्र आयडी टाकून कोणत्या योजनेत बसता ते पाहता येतं. आधी ते पाहा, त्याचं पान छापा आणि मग झोन कार्यालयात जा. गावाकडचे असाल, महू-सांवेर बाजूचे, तर ग्रामपंचायत किंवा जनपद पंचायत. अर्ज लोक सेवा केंद्रातूनही जातो, आणि माझं मत विचाराल तर तिथूनच द्या. कारण तिथे पावती मिळते आणि पावतीवर काम कधीपर्यंत व्हायला हवं ती तारीख छापलेली असते. मध्य प्रदेशात २०१० पासून लोक सेवा गारंटी कायदा आहे. मुदतीत काम केलं नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. पावती हातात असली की खिडकीवरची भाषा आपोआप नरम होते.

६. अडलं तर

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. "पोर्टल नहीं ले रहा" हे कारण होत नाही. कोणती नोंद जुळत नाही ते विचारा, नाव, तारीख की समग्र. दहापैकी नऊ वेळा यातलंच काहीतरी असतं.

तरीही हलत नसेल तर सीएम हेल्पलाइन, १८१. तक्रार क्रमांक मिळतो आणि ती खालच्या अधिकाऱ्याकडून पायरीपायरीने वर चढत जाते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काही दिवसांनी गोड आवाजात फोन येईल: "आपका काम हो जाएगा, आप संतुष्ट हैं ना? शिकायत बंद करवा दीजिए।" खात्यात पैसे येईपर्यंत "हो" म्हणायचं नाही. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडून घेणं जास्त जड जातं.

दर मंगळवारी कलेक्टोरेटला, मोती तबेल्यात, जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकणं) असते. एका पानाचा अर्ज पुरे: नाव, समग्र, यूडीआयडी, पावतीचा क्रमांक, आणि नक्की काय अडलंय ते दोन वाक्यांत. हिंदीतच लिहा. भोपाळला दिव्यांगजनांचे राज्य आयुक्त आहेत, त्यांच्याकडेही लेखी तक्रार करता येते.

७. पेन्शनपलीकडे

सहाशे रुपयांत काय येतं, असं प्रत्येकजण म्हणतो आणि खरंच आहे. पण यूडीआयडी हातात आलं की बाकीची कामं करून टाका, त्यांची किंमत सहाशेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

रेल्वे सवलतीसाठी रेल्वेचं वेगळं कार्ड लागतं. इंदूर रतलाम मंडळात येतं, अर्ज ऑनलाइन होतो, सोबत सरकारी डॉक्टरांचं रेल्वेच्या नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र जोडायचं. सवलत सगळ्या प्रकारांना नाही, नमुना आधी वाचून घ्या. ट्रायसिकल, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. परदेशीपुऱ्यातल्या सामाजिक न्याय विभागाच्या परिसरात विचारा, शिबिर कधी आहे. शिबिरात आधी नाव नोंदवून मोजमाप होतं आणि साहित्य नंतर मिळतं, त्याच दिवशी हातात पडेल अशा आशेने जाऊ नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ६ टक्के जागा राखीव आहेत, उच्च शिक्षणात ५ टक्के.

घरात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांग व्यक्ती असेल तर आणखी दोन कामं. निरामय आरोग्य विमा, ज्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यात थेरपी आणि ओपीडीही येते. आणि पालकत्व. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं, आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. मग बँकेत, जमिनीच्या कागदावर, सगळीकडे अडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज अठरावा वाढदिवस झाल्यावर लगेच द्या, कागद मात्र वर्षभर आधीपासून जमवायला घ्या. त्यात भावंडांची लेखी संमतीही मागू शकतात, आणि एखादा भाऊ पुण्याला, दुसरा अमेरिकेत असला की त्या एका सहीलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.